अमेरिकन ड्रीम: मेहनत नेमकी कुठे लागू पडते? (फक्त आकडे, पायऱ्या आणि चुका)

पायवाट

'अमेरिकन ड्रीम' या शब्दावर इथे दर दोन-तीन महिन्यांनी खणाखणी होते. एक बाजू म्हणते मेहनत करणाऱ्याला काही कमी पडत नाही, दुसरी म्हणते सगळा नशिबाचा आणि बापाच्या पैशाचा खेळ. दोनशे प्रतिसाद होतात, हाती काही लागत नाही.

या धाग्यात ते नको. प्रश्न एवढाच आहे की संधी आणि मेहनत मिळून आयुष्य वर सरकतं हे अमेरिकेत कुठल्या कायद्यावर, कुठल्या कागदावर आणि किती मुदतीत चालतं. अडतं तेव्हा नेमकं कुठे अडतं? स्वतःचे अनुभव लिहायला वेगळे धागे आहेत, ते कृपया तिकडेच.

सुरुवात करून देतो. शब्द रूढ केला इतिहासकार जेम्स ट्रस्लो अ‍ॅडम्स यांनी, १९३१ मध्ये, 'द एपिक ऑफ अमेरिका' या पुस्तकातून. महामंदी ऐन भरात होती. त्यांच्या लेखी हे स्वप्न नुसत्या गाड्यांचं आणि पगाराचं नव्हतं. जन्म कुठल्या घरात झाला हे आड न येता माणसाला आपल्या कुवतीइतकं वाढता यावं, अशी समाजरचना त्यांना अभिप्रेत होती. म्हणजे घर, अंगण, पांढरं कुंपण मूळ व्याख्येत नाहीच. ते नंतर कसं चिकटलं हे जुनेदप्तर सांगतील, अशी आशा.

जुनेदप्तर

बोलावलंत म्हणून आलो. पण अ‍ॅडम्सच्या आधीपासून सुरुवात करावी लागेल, कारण 'मेहनत करा, मालक व्हा' हे वाक्य अमेरिकेने आधी कायद्यात लिहिलं आणि त्याला स्वप्न वगैरे म्हणायला मागाहून सुरुवात केली.

होमस्टेड कायदा. लिंकनने २० मे १८६२ रोजी सही केली, १ जानेवारी १८६३ पासून अंमल. १६० एकर सरकारी जमीन. पात्रता: वय २१ किंवा कुटुंबप्रमुख, आणि नागरिक असणं किंवा नागरिक होण्याचा इरादा लेखी नोंदवलेला असणं. भूमी कार्यालयात दावा नोंदवायचा, पाच वर्षं तिथेच राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. मग दोन साक्षीदार घेऊन जायचं, त्यांनी सांगायचं की हा माणूस खरंच राहिला, खरंच कसली. फी सगळी मिळून १८ डॉलर. पाच वर्षं थांबायचं नसेल तर सहा महिने राहून एकरी सव्वा डॉलर भरायचा आणि मोकळं व्हायचं, ही पळवाटही कायद्यातच होती. सट्टेबाजांनी ती पुरेपूर वापरली.

एकूण सुमारे १६ लाख दावे पक्के झाले, सुमारे २७ कोटी एकर जमीन गेली. दावे नोंदवले गेले त्याहून खूपच जास्त. बाकीचे का बुडाले? आळशी होते म्हणून नव्हे. १०० व्या रेखावृत्ताच्या पश्चिमेला पाऊस वर्षाला २० इंचांच्या खाली जातो. इलिनॉयमध्ये १६० एकर म्हणजे चांगला बागायतदार, माँटानात तेवढ्यात एक कुटुंब जगत नाही. शेवटी १९०९ मध्ये कोरडवाहू भागासाठी मर्यादा ३२० एकर केली, म्हणजे सरकारने चूक अर्धीमुर्धी कबूल केली. दुसरी गोष्ट, नांगर, बैलजोडी, विहीर, तार, बियाणं आणि पहिलं पीक येईपर्यंतचं खाणं, हे सगळं पदरचं. कायदा जमीन देत होता, भांडवल देत नव्हता.

तिरकसकोन

आणि ती जमीन मुळात कोणाची होती, ते राहिलं. स्वप्नाची पहिली पायरी दुसऱ्याच्या अंगणात.

जुनेदप्तर

राहिलं नव्हतं, येत होतो. आदिवासी जमातींकडून तहांनी, मोडलेल्या तहांनी आणि सैन्याच्या जोरावर घेतलेली जमीन होती ती. यात वादाला जागाच नाही.

आता घराकडे येतो. १९३० च्या आधी गृहकर्ज म्हणजे निम्मी रक्कम आधी भरायची, उरलेली तीन ते पाच वर्षांत, आणि शेवटी एकरकमी मोठा हप्ता. मंदीत तो शेवटचा हप्ता भरता येईना, घरं गेली. १९३३ मध्ये होल्क ही बुडती गृहकर्जं सावरणारी सरकारी संस्था आली, १९३४ मध्ये गृहकर्जाला हमी देणारी एफएचए. लांब मुदतीचं, समान हप्त्याचं, सरकारी हमी असलेलं कर्ज हे त्यांचं देणं. पण होल्कने शहरांचे नकाशे रंगवले: हिरवा, निळा, पिवळा, लाल. कृष्णवर्णीयांची वस्ती असली की लाल. एफएचएच्या नियमांतही तीच दृष्टी होती, त्यामुळे लाल वस्तीत हमी नाही आणि हमी नाही म्हणून कर्ज नाही. हे कायद्याने बंद झालं १९६८ च्या फेअर हाउसिंग अ‍ॅक्टने.

मधल्या काळात जीआय बिल, २२ जून १९४४. युद्धावरून परतलेल्याला वर्षाला ५०० डॉलरपर्यंत शिकवणी फी, बेकार असेल तर ५२ आठवड्यांपर्यंत आठवड्याला २० डॉलर, शिवाय गृहकर्जाला हमी. ७८ लाख माजी सैनिकांनी शिक्षण वा प्रशिक्षण घेतलं. अमेरिकेचा मध्यमवर्ग ज्याला म्हणतात तो घडण्यात याचा मोठा वाटा. पण अंमलबजावणी स्थानिक बँका आणि कार्यालयांच्या हातात. मिसिसिपीत १९४७ मध्ये सरकारी हमीची ३,२२९ कर्जं मंजूर झाली, त्यातली कृष्णवर्णीय सैनिकांना दोन. टक्के काढत बसू नका, दोन म्हणजे २.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक तारीख. १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांच्या खटल्यात निकाल दिला की भारतीय माणूस 'श्वेत' नाही, म्हणून तो नागरिक होऊ शकत नाही. थिंड पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैन्यात होते, तरीही. नागरिकत्वाचा दरवाजा उघडला १९४६ च्या लूस-सेलर कायद्याने, आणि कोटा किती? वर्षाला १००. मोठा ओघ सुरू झाला तो १९६५ च्या कायद्यानंतर. शेवटच्या डब्यात चढलेल्यांनी गाडी आपल्या मेहनतीने चालते असं म्हणू नये, एवढंच.

हिशोबनीस

आकडे.

अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि सहकाऱ्यांचं काम, २०१७ साली छापलेलं. १९४० मध्ये जन्मलेल्यांपैकी सुमारे ९० टक्के लोक आईवडिलांपेक्षा जास्त कमावत होते (महागाई वजा करून, तिशीच्या वयात). १९८० च्या दशकात जन्मलेल्यांपैकी सुमारे ५० टक्के. कारण काय? अर्थव्यवस्था मंदावली हे थोडं. जास्त मोठं कारण म्हणजे वाढ वरच्या थरात साचली. त्यांनी गणित करून दाखवलंय: आजचीच एकूण वाढ १९४० च्या पिढीसारखी वाटली गेली असती तर घसरणीचा बराच भाग भरून निघाला असता. लोक कमी राबतात हे कारण त्यात कुठेच निघत नाही.

दुसरा हिशोब कोणालाही घरी करता येईल. केंद्रीय किमान वेतन तासाला ७.२५ डॉलर, जुलै २००९ पासून हललेलं नाही. ४० तास, ५२ आठवडे, एक दिवस रजा नाही: १५,०८० डॉलर. एकट्या माणसाची केंद्रीय दारिद्र्यरेषा २०२५ मध्ये १५,६५०. बऱ्याच राज्यांचं किमान वेतन याहून जास्त आहे, पण जिथे राज्याने वाढवलं नाही तिथे पूर्ण वर्ष राबून रेषेच्या खालीच.

तिरकसकोन

आणि तो रेषेच्या वर आला की मदत जाते. ते पण सांगा.

हिशोबनीस

बरोबर. मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांचा सरकारी आरोग्य विमा) व्याप्ती ज्या राज्यांनी वाढवली तिथे प्रौढाची मर्यादा दारिद्र्यरेषेच्या १३८ टक्के, म्हणजे २०२५ च्या रेषेने एकट्याला २१,५९७. सरकारी भाडेमदत असेल तर उत्पन्नाच्या साधारण ३० टक्के भाडं स्वतः भरायचं, म्हणजे पगार १०० डॉलर वाढला की ३० भाड्यात. वर पगारातून कापले जाणारे सोशल सिक्युरिटी ६.२ आणि मेडिकेअर १.४५ टक्के. फूड स्टँपची (अन्नासाठीची सरकारी मदत) कपात वेगळी. सगळं एकत्र लागलं की वाढलेल्या १०० मधले हातात निम्मेही उरत नाहीत. पाळणाघराची मदत तर काही ठिकाणी एका डॉलरने मर्यादा ओलांडली की सगळीच थांबते. म्हणून बढती घेण्याआधी प्रत्येक मदतीची मर्यादा आणि ती मोजण्याचा काळ (महिना की वर्ष) कागदावर लिहून काढावा. बोनस एका महिन्यात आला आणि मोजमाप मासिक असेल तर तेवढ्यानेही पात्रता जाते.

पायवाट

हिशोबनीस, राहण्याच्या ठिकाणाचा मुद्दा? 'चांगल्या शाळेसाठी घर बदला' हे सगळे म्हणतात, त्याला आधार आहे का?

हिशोबनीस

आहे. १९९४ ते १९९८ मध्ये बॉल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्कमध्ये सरकारी प्रयोग झाला. गरीब वस्तीतल्या कुटुंबांना सोडत काढून कमी गरिबीच्या भागात राहायला मदत दिली. आईवडिलांच्या कमाईत फरक पडला नाही. स्थलांतराच्या वेळी १३ वर्षांखाली असलेली मुलं मात्र पंचविशीच्या आसपास सुमारे ३१ टक्के जास्त कमावत होती. वय १३ च्या वर असलेल्यांना फायदा नाही, झाला तर थोडा तोटाच. तेव्हा मूल दहावी-अकरावीच्या वयाचं असताना शाळेसाठी महागडं घर घेणं हा हिशोब बहुधा चुकतो.

शाळा घराला का बांधलेली? शाळेचा मोठा खर्च स्थानिक मालमत्ता कराने भागतो. सान अँटोनियोच्या पालकांनी याला आव्हान दिलं, १९७३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पाच विरुद्ध चार मतांनी फेटाळलं.

वळचण

भारतातून जाणाऱ्यांसाठी मेहनतीआधी तारखा. हा भाग मोठा होईल, चहा घेऊन बसा.

विद्यार्थी म्हणून गेलात तर पदवीनंतर ओपीटी (विद्यार्थी व्हिसावर काम करायची परवानगी) १२ महिने, तंत्र-विज्ञान-गणिताची पदवी असेल तर आणखी २४. ओपीटीचा अर्ज अभ्यासक्रम संपायच्या ९० दिवस आधीपासून संपल्यावर ६० दिवसांपर्यंत. बेकारीचे दिवस मोजले जातात: पहिल्या वर्षात ९०, वाढीव काळ धरून एकूण १५०. ओलांडले की दर्जा गेला, आणि हे कोणी फोन करून कळवत नाही. २४ महिन्यांसाठी मालक ई-व्हेरिफायमध्ये (कामाची पात्रता तपासणारी सरकारी प्रणाली) नोंदलेला हवा. छोट्या कंपन्यांमध्ये इथेच घात होतो. हे नोकरी स्वीकारण्याआधी विचारायचं असतं.

मग एच-१बी, म्हणजे मालकामार्फत मिळणारा नोकरीचा तात्पुरता व्हिसा. वर्षाला ६५,००० आणि अमेरिकी मास्टर्सवाल्यांसाठी २०,०००. मार्चमध्ये नोंदणी, निवड, काम १ ऑक्टोबरपासून. नोंदणी फी आता २१५ डॉलर. २०२४ पासून एका माणसाची पाच मालकांनी नोंदणी केली तरी त्याची निवडीची शक्यता वाढत नाही, तेव्हा चार कंपन्यांमार्फत नावं टाकून देतो असं सांगणाऱ्या एजंटाला दारातूनच परत पाठवा. सप्टेंबर २०२५ च्या घोषणेनंतर देशाबाहेरच्या माणसासाठी केलेल्या नव्या अर्जावर एक लाख डॉलरचा बोजा आला, त्यामुळे भारतात बसून थेट एच-१बीवर जायची वाट जवळपास बुजली.

एच-१बीची मुदत तीन अधिक तीन, सहा वर्षं. पुढे राहायचं तर ग्रीन कार्डाची प्रक्रिया त्याआधी सुरू झालेली हवी. पायऱ्या तीन.

पहिली पर्म, म्हणजे कामगार खात्याची मंजुरी. कामगार खात्याकडून त्या पदाचं प्रचलित वेतन ठरवून घ्यायचं, मग भरती करून दाखवायची: रविवारच्या वर्तमानपत्रात दोन जाहिराती, राज्याच्या रोजगार संस्थेकडे ३० दिवस जागा नोंदवणं, ऑफिसात सूचना, शिवाय यादीतल्या आणखी तीन गोष्टी. योग्य अमेरिकी उमेदवार मिळाला नाही तरच अर्ज. हा खर्च मालकानेच करायचा असतो, कर्मचाऱ्याकडून घेणं नियमबाह्य आहे. अर्ज दाखल झाला ती तुमची प्रायॉरिटी डेट, रांगेतला नंबर.

दुसरी आय-१४०, म्हणजे मालकाने तुमच्यासाठी भरायचा अर्ज. इथे आपल्याकडची तीन वर्षांची बीकॉम-बीएस्सी आडवी येते. ईबी-२ (नोकरीच्या ग्रीन कार्डाची उच्च पदवीवाल्यांची श्रेणी) मध्ये बॅचलर्स अधिक पाच वर्षं अनुभव या वाटेने जायचं तर एकाच संस्थेची चार वर्षांची पदवी धरतात. तीन वर्षांची पदवी आणि वर एक वर्षाचा डिप्लोमा जोडून चार करता येत नाहीत. पर्ममध्ये पदाची पात्रता लिहितानाच हे सांभाळावं लागतं, नंतर दुरुस्त होत नाही आणि वर्षं वाया जातात.

तिसरी आय-४८५, म्हणजे खुद्द ग्रीन कार्डाचा अर्ज, पण ती नंबर आल्यावर. नोकरीच्या वाटेने वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, त्यातला ईबी-२ चा वाटा २८.६ टक्के, म्हणजे ४०,०४०. एका देशाला ७ टक्के: २,८०३. तेही नवराबायको-मुलं धरून. दुसऱ्या देशांची उरली तर थोडी वर मिळतात. भारतातले अर्ज किती येतात याचा या आकड्याशी काही संबंध नाही, म्हणून रांग दशकाच्या पुढे गेली. आणि देश म्हणजे जन्माचा देश. नागरिकत्व बदलून उपयोग नाही. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशात झाला असेल तर मात्र त्याच्या रांगेत उभं राहता येतं.

तिरकसकोन

म्हणजे दोन सारखेच इंजिनियर, एक आइसलँडात जन्मलेला आणि एक इचलकरंजीत. मेहनत सारखी, रांगेत फरक दहा-पंधरा वर्षांचा. 'जन्म आड न येता' असं अ‍ॅडम्ससाहेब म्हणाले होते ना?

वळचण

म्हणाले होते. पुढे ऐका, कारण या रांगेत असताना काय राखून ठेवता येतं हे लोकांना ठाऊक नसतं.

आय-१४० मंजूर झाला की एच-१बी सहा वर्षांनंतरही तीन-तीन वर्षांनी वाढतो. मंजुरीला १८० दिवस झाले की मालकाने नंतर तो मागे घेतला तरी ही वाढ मिळत राहते. प्रायॉरिटी डेटही तुमचीच राहते (फसवणूक वा गंभीर चूक सापडली नाही तर). नवीन मालकाकडे पर्म आणि आय-१४० पुन्हा करावे लागतात, पण नंबर जुनाच. तेव्हा नोकरी बदलायचीच असेल तर मंजुरीनंतरचे हे १८० दिवस काढून बदलणं शहाणपणाचं. आय-१४० मंजुरीच्या पत्राची प्रत मालकाकडे मागून ठेवा. काही कंपन्या देत नाहीत, तेव्हा किमान पावती क्रमांक तरी.

नोकरी गेली तर ६० दिवस, किंवा आय-९४ (देशात किती दिवस राहता येईल याची नोंद) वरची तारीख, जे आधी येईल ते. हे ६० दिवस कामाच्या शेवटच्या दिवसापासून मोजतात. नुकसानभरपाईचा पगार तीन महिने येत राहिला म्हणून मुदत वाढत नाही, ही सर्रास होणारी चूक. ६० दिवसांत नव्या मालकाचा अर्ज नुसता दाखल झाला तरी काम सुरू करता येतं, मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मालक मिळत नसेल तर त्याच मुदतीत आय-५३९ भरून दुसऱ्या दर्जात जाता येतं.

तारजोडी

इथे सगळे पदव्या आणि व्हिसावरच बोलताय. पदवीशिवायची शिडी पण आहे आणि ती जास्त सरळ आहे. (एच-१बीवर चालत नाही, कामाची परवानगी किंवा ग्रीन कार्ड लागतं. एच-४ वर, म्हणजे एच-१बीवाल्याच्या जोडीदार-मुलांच्या व्हिसावर, कामाची परवानगी असलेल्यांनी वाचावं.)

इलेक्ट्रिशियनची अप्रेंटिसशिप घ्या. संघटनेतर्फे चालणाऱ्या कार्यक्रमाला वय १८, हायस्कूल किंवा समकक्ष, बीजगणिताचं एक वर्ष उत्तीर्ण. मग परीक्षा: बीजगणित आणि वाचून समजणं, दोनच विभाग. नंतर मुलाखत आणि गुणानुक्रमे यादी. नापास झालात तर पुन्हा बसायला साधारण सहा महिने. लोक हमखास बीजगणितात पडतात, कारण शाळा सोडून दहा वर्षं झालेली असतात. अपूर्णांक, समीकरणं, आलेखावरून सूत्र ओळखणं, एवढं सहा आठवडे घोटलं तरी पुरतं.

निवड झाली की पाच वर्षं, सुमारे ८,००० तास प्रत्यक्ष काम आणि संध्याकाळचे वर्ग. पहिल्या दिवसापासून पगार, कुशल कारागिराच्या ४० ते ५० टक्क्यांपासून सुरू, टप्प्याटप्प्याने वाढतो. शिक्षणाचं कर्ज शून्य.

काम कसलं याचा एक नमुना. कंड्युट पाईप (ज्यातून तारा नेतात) भिंतीवरून जाताना ४ इंच पुढे आलेला अडथळा चुकवायचा आहे. ३० अंशाच्या दोन वाका घ्यायच्या. ३० अंशाचा गुणक २, म्हणून दोन खुणांमधलं अंतर ८ इंच. पण वाकवल्याने पाईप पुढच्या बाजूला आखडतो, ३० अंशाला दर इंचामागे पाव इंच, म्हणजे इथे १ इंच. पहिली खूण तेवढी पुढे सरकवली नाही तर पाईप डब्याला पोचतच नाही आणि दहा फुटाचा तुकडा भंगारात. दुसरी वाक घेताना पाईप फिरला की दोन्ही वाका एका पातळीत राहत नाहीत, कारागीर त्याला 'डॉगलेग' म्हणतात. मेहनतीने तो सरळ होत नाही, आधी नीट खूण करावी लागते.

अडतं कुठे? तासांच्या नोंदीवर. दर महिन्याला पत्रक भरून वरिष्ठाची सही घ्यायची, ती राहिली की परवान्याच्या अर्जाच्या वेळी तास सिद्ध होत नाहीत. दुसरं, परवाना राज्याचा. इलिनॉय, पेनसिल्व्हेनिया, न्यूयॉर्क इथे राज्यव्यापी परवानाच नाही, शहर-काउंटीचा असतो. राज्य बदललं की पुन्हा परीक्षा लागू शकते.

पायवाट

तारजोडी, जबरदस्त. 'आधी नीट खूण' वाली ओळ वळचणताईंच्या पर्मलाही लागू पडते. :)

नवीनपान

वाचनमात्र होते, पहिल्यांदाच लिहितेय. घर कधी घ्यावं आणि क्रेडिट स्कोअरचं काय, यावर कोणी लिहील का? 'पगार चांगला असला की कर्ज मिळतं' असं सगळे सांगतात.

हिशोबनीस

नवीनपान, पगारावरून परतफेडीची ऐपत कळते, सवय कळत नाही. सवयीसाठी स्कोअर. ३०० ते ८५० मधला आकडा. वजनं: वेळेवर भरणा ३५ टक्के, थकीत रकमेचं प्रमाण ३०, इतिहासाची लांबी १५, नवी कर्जं १०, कर्जांचे प्रकार १०. पगाराचं वजन शून्य.

नव्याने आलेल्याला इतिहासच नसतो. बँकेत २०० ते ५०० डॉलर अनामत ठेवून सिक्युअर्ड कार्ड घ्यायचं. सहा महिने वापरल्यावर पहिला स्कोअर तयार होतो. चूक कुठे होते: बँक ब्युरोला (कर्जाच्या नोंदी ठेवणारी संस्था) जी रक्कम कळवते ती साधारण स्टेटमेंटच्या तारखेची, भरण्याच्या शेवटच्या तारखेची नाही. ५०० ची मर्यादा, ४५० खर्च, शेवटच्या तारखेला पूर्ण भरणा. तुमच्या मते सगळं चोख, ब्युरोच्या लेखी ९० टक्के वापर. स्टेटमेंट निघण्याआधी ४०० भरून टाका, तोच खर्च १० टक्के दिसतो. ३० दिवस उशीर झालेला एक हप्ता सात वर्षं अहवालात राहतो.

घर. उदाहरणाला ४,००,००० डॉलर किंमत, २० टक्के आधी, कर्ज ३,२०,०००, व्याज ६.५ टक्के स्थिर, ३० वर्षं. हप्ता २,०२३ डॉलरच्या आसपास. पहिल्या हप्त्यात व्याज १,७३३, मुद्दल २८९. व्याजापेक्षा मुद्दल जास्त व्हायला विसावं वर्ष उजाडतं. पूर्ण मुदत भरलं तर व्याजच सुमारे ४ लाख ८ हजार. म्हणून 'भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हप्ता म्हणजे बचत' हे वाक्य पहिल्या पाच-सात वर्षांसाठी खोटं आहे. खरेदीचा खर्च २ ते ५ टक्के, विकताना दलाली वेगळी. पाच वर्षांत हलावं लागेल अशी शक्यता असेल, आणि व्हिसावरच्या माणसाला ती असतेच, तर भाडंच बरं.

२० टक्क्यांपेक्षा कमी भरलं तर वर विमा, पीएमआय. कर्ज मूळ किमतीच्या ८० टक्क्यांवर आलं की तो काढायचा अर्ज स्वतः करायचा. ७८ टक्क्यांवर आपोआप निघतो. मधले महिने लोक उगाच भरत बसतात. एफएचएचं साडेतीन टक्के भरून मिळणारं कर्ज मे २०२५ पासून एच-१बीसारख्या तात्पुरत्या दर्जावर मिळत नाही. एच-१बीवर सर्वसाधारण कर्ज मिळू शकतं.

नवं बांधकाम घेत असाल तर आणखी एक खड्डा. पहिल्या वर्षी मालमत्ता कर नुसत्या जमिनीवर लागलेला असू शकतो. दुसऱ्या वर्षी घर धरून आकारणी होते, एस्क्रो खात्यात (बँक जिथे कर-विम्याचे पैसे हप्त्यातून जमा करते) तूट निघते आणि हप्ता एकदम काही शे डॉलरने वाढतो. बँकेच्या अंदाजावर जाऊ नका, शेजारच्या पूर्ण झालेल्या घराचा कर काउंटीच्या नोंदीत पाहून घ्या.

नवीनपान

धन्यवाद! आणि निवृत्तीसाठी जे कापलं जातं, ते परत आल्यावर मिळतं का?

हिशोबनीस

४०१(के), म्हणजे पगारातून कापून भरायचं निवृत्तीचं खातं, तुमचं, परत आलात म्हणून ते जात नाही. ५९ वर्षं ६ महिन्यांआधी काढलं तर सहसा कराखेरीज काढलेल्या रकमेवर १० टक्के दंड. मालकाने टाकलेला वाटा मात्र काही कंपन्यांत टप्प्याने तुमचा होतो, सहा वर्षांपर्यंत लागू शकतात. राजीनाम्याची तारीख ठरवण्याआधी तेवढं बघा.

सोशल सिक्युरिटीला ४० क्रेडिट लागतात, वर्षाला जास्तीत जास्त चार, म्हणजे दहा वर्षं. भारत आणि अमेरिकेत याबाबत करार नाही. नऊ वर्षं भरून परत आलात तर निवृत्तिवेतन शून्य, भारतातली नोकरीची वर्षं त्यात जोडता येत नाहीत.

जुनेदप्तर

अवांतर: होमस्टेडवाल्यालाही चार वर्षांत सोडून गेला तर हाती काही लागत नव्हतं. त्याला निदान सहा महिन्यांवर सव्वा डॉलरचा पर्याय होता.

पायवाट

मुलांच्या शिक्षणाचं राहिलं. वर्षाला लाखभर डॉलरची कॉलेजं सोडून द्या, मधली वाट कोणती?

हिशोबनीस

कम्युनिटी कॉलेजची दोन वर्षं आणि मग राज्य विद्यापीठात बदली. पदवी विद्यापीठाचीच मिळते. कॅलिफोर्नियात यूसी या राज्य विद्यापीठाचे सहा कॅम्पस (डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा, सांता क्रूझ) अटी पूर्ण केल्यावर प्रवेशाची लेखी हमी देतात. हमीचा अर्ज एकाच कॅम्पसला, सप्टेंबर महिन्यात, आणि बदलीयोग्य ६० सेमिस्टर युनिट. बर्कली आणि लॉस एंजेलिस यात नाहीत. घोटाळा होतो तो विषयनिवडीत: कॉलेज क्रेडिट देतं, विद्यापीठ त्या शाखेसाठी ते धरत नाही. पहिल्या सेमिस्टरआधीच दोन्हींचा करार समोर ठेवून विषय घ्यायचे.

केंद्रीय मदतीचा अर्ज म्हणजे फाफ्सा, साधारण १ ऑक्टोबरला उघडतो. पेल अनुदान २०२५-२६ ला कमाल ७,३९५ डॉलर, परत करायचं नसतं. एच-४ वरच्या मुलांना यातलं काही नाही.

वळचण

आणि एच-४ वरचं मूल २१ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या रांगेतून बाहेर. इथे एक गणित नीट समजून घ्या, यात शिकलेले लोकही फसतात.

मुलाचं वय सरळ धरत नाहीत. नंबर लागला (किंवा आय-१४० मंजूर झाला, जे नंतर असेल ते) त्या दिवशीचं वय घ्यायचं आणि त्यातून आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता तितके दिवस वजा करायचे. उत्तर २१ च्या खाली आलं आणि मूल अविवाहित असेल तर ते रांगेत टिकतं, मात्र एका वर्षाच्या आत पुढचा अर्ज करायला हवा. पर्ममध्ये गेलेला काळ वजा होत नाही. १५ ऑगस्ट २०२५ पासूनच्या अर्जांना व्हिसा बुलेटिनमधला (रांग कुठवर आली हे सांगणारं सरकारी मासिक पत्रक) फायनल अ‍ॅक्शनचा, म्हणजे कार्ड मिळू शकण्याच्या तारखांचा तक्ता धरतात, अर्ज दाखल करण्याचा तक्ता नाही.

समजा नंबर लागला तेव्हा मुलगी २१ वर्षं ४ महिन्यांची. आय-१४० साध्या मार्गाने गेला होता, पाच महिने पडून होता. २१ वर्षं ४ महिने वजा ५ महिने, २० वर्षं ११ महिने. टिकली. तोच आय-१४० ज्यादा फी भरून (प्रीमियम प्रोसेसिंग) पंधरा कामकाजाच्या दिवसांत मंजूर करून घेतला असता तर वजा होणार जेमतेम तीन आठवडे, आणि मुलगी बाहेर.

नवीनपान

म्हणजे लवकर व्हावं म्हणून पैसे भरले, तेच नडले?

वळचण

हो. मात्र तेवढ्यावरून प्रीमियम प्रोसेसिंग टाळा असं सरसकट म्हणणार नाही. एच-१बीची सहा वर्षं संपत आली असतील तर मंजुरी लवकरच लागते. मूल आठ-दहा वर्षांचं असेल आणि सहा वर्षांची घाई नसेल तर साध्या मार्गाने जाऊ द्या. आणि आय-१४० दाखल झाल्याच्या व मंजुरीच्या दोन्ही सूचना जपून ठेवा. दहा-बारा वर्षांनी वजाबाकी करताना तेच दोन कागद लागतात, आणि तोवर ती कंपनी असेलच असं नाही.